दोघांचा एक काप

सासऱ्यांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा फ्रेमच्या दुकानाला कुलूप लागायचीच वेळ आली होती. मुलगा ट्रकवर, आज इथे तर उद्या तिथे. शेवटी सुनेनेच कंबर कसली.

"मी बघते दुकान," ती म्हणाली.

सासऱ्यांनी तोंड वाकडं केलं, की आजाराने ते वाकडंच झालं होतं, कळायला मार्ग नव्हता.

चौकट ठोकणं, काच बसवणं तिला चटकन जमलं. घोडं अडलं ते माउंटपाशी. फोटो आणि चौकट यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची पट्टी दिसते ना, ती. पुठ्ठ्याला मधोमध खिडकी कापायची, तीही तिरक्या कापाने, आणि कड कशी नितळ यायला हवी! सुनेच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या यायच्या. कोपऱ्यांत कागदाचे फाटे लोंबायचे.

सासरे भिंतीजवळच्या खुर्चीत बसून बघायचे. बोलणं जड झालं होतं, पण टोमणा मारायचं काही विसरले नव्हते.

"कड आहे... का करवत?"

"बाबा, शिकवा तरी, नाहीतर गप्प बसा तरी!"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. सासरे खरोखरच गप्प बसले. संध्याकाळी दुकान बंद करताना मात्र हळूच म्हणाले, "शिकवू कसं, पोरी? हाताला येत होतं. तोंडाला... नाही येत."

तिने त्यांना काठी दिली.

त्याच आठवड्यात दवाखान्यातली नर्स दुकानात आली. सासरे आजारी होते तेव्हा त्यांच्या वॉर्डात हीच असायची. आता ती निवृत्त होणार होती. सगळ्या सहकाऱ्यांबरोबरचा मोठा फोटो तिने टेबलावर ठेवला.

"काका, फ्रेम तुमच्याकडचीच हवी हं."

सासऱ्यांनी मान खाली घातली. सून म्हणाली, "शनिवारी घेऊन जा."

पहिला पुठ्ठा वाया गेला. तिने कटरला नवं पातं लावलं, तेव्हा कड जरा सुधारली, पण रेघ काही सरळ येईना. फोटो मोठा, पोलादी पट्टी लांब. एका हाताने ती दाबून दुसऱ्याने कापायचं म्हणजे मधेच पट्टी सरकायची. वैतागून ती नुसतीच उभी राहिली.

काठीची टकटक झाली. सासरे टेबलाशी आले होते.

"खालची फळी काढ."

"ही तर तुमची पहिल्यापासूनची..."

"तिच्यावर माझ्या कापांचे चर पडलेत. पातं त्यांत ओढलं जातंय. काढ."

फळीच्या जागी तिने कोरा पुठ्ठा अंथरला. माउंटचा पुठ्ठा त्यावर पालथा ठेवला. सासऱ्यांनी काठी टेबलाला टेकवली, डावा हात कोपरापर्यंत पट्टीवर टाकला आणि अंगाचा भार दिला. पट्टी जागची हलेना.

"आता ओढ. रेटू नको. थांबूही नको."

पातं निघालं. कागद चिरत जाण्याचा बारीक, एकसारखा आवाज आला.

"खुणेच्या पुढे... केसभर. हां, बस."

चारही बाजू झाल्या. तिने पुठ्ठा उचलला, तर मधला तुकडा आपसूक खाली पडला. सासऱ्यांनी डावा अंगठा कडेवरून फिरवला, चारी कोपऱ्यांत नेऊन आणला.

"हं," ते म्हणाले.

त्यांनी कुणाच्या कामाला असं "हं" म्हटलेलं घरात कुणाला आठवत नव्हतं. सून हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, तर सासरे खेकसले, "पुसून घे. पुठ्ठ्यावर डाग पडेल!"

शनिवारी नर्स फ्रेम घेऊन गेली. तिच्या वॉर्डातली आणखी दोघं आपले फोटो घेऊन आली. हल्ली मोठा माउंट असला की सासरे हाकेची वाट न पाहता टेबलाशी येतात. त्यांनी "ओढ" म्हणायच्या आधीच ती पातं ओढते, यावरून दोघांचं रोज वाजतं. लहान माउंट मात्र सून एकटीच कापते, आणि तेव्हा ते खुर्चीतून तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत, खुशाल पेपर वाचतात.