नळाच्या वेळी अपडेट

“मोटर बंद करा बे सगळे!” मी असा ओरडलो की कपिलधारचा धबधबा घाबरून माघारी वर चढला. लेकीच्या ऑनलाइन मुलाखतीला अर्धा तास उरला होता. स्पीड वाढावा म्हणून नेटवाला मॉडेमचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करत होता. मॉडेम तान्ह्या लेकरागत मांडीवर घेऊन त्याला टोपीनं वारा घालत होता. तेवढ्यात नळ आला, गल्लीनं मोटरी लावल्या, व्होल्टेज पडलं आणि अर्ध्या अपडेटवर मॉडेम मेलं.

मी नेटवाल्यावरच तुटून पडलो. “नळाच्या दिवशी कावून सुरू केलं बे? लेकीची नोकरी गेली ना!”

त्यानं टोपी झटकून डोक्यावर ठेवली.

“मुलाखत माझ्या मोबाइलच्या नेटवर होऊ द्या, काका. मोटर बंद करू नका. पाणी परत आठवड्यानंच हाय.”