पश्चिमेची हद्द

"मी बटण एकदाच दाबलं! पान आपोआप सरकलं!" मोंजीने टेबलावर हात आपटला.

"बाबा, आपोआप काही सरकत नाही," रीम म्हणाली. "दाबलं तरच एक ओळ पुढे जातं."

"मग पश्चिम कुठे गेली? उंदरांनी खाल्ली?"

"उंदरांवर कशाला घालतोस?" वसीला मासे साफ करता करता आतून ओरडली. "आमच्या घरात आहेत असं गावाला वाटायचं!"

वसीला माझी बहीण, मोंजीची बायको. मी वरच्या मजल्यावर राहते, भांडण ऐकून खाली आले होते.

सकाळी एक विधवा येऊन गेली होती. तिच्या ऑलिव्हच्या बागेच्या जुन्या फ्रेंच खरेदीखताचं अरबी भाषांतर मोंजीने केलं होतं. त्यात पूर्व, उत्तर, दक्षिण अशा तीनच हद्दी होत्या. पश्चिमेचा शेजारी आता झाडं आपली म्हणतोय. खाली मोंजीचा शिक्का.

मोंजी कोर्टाने नेमलेला भाषांतरकार; एकतीस वर्षं स्फाक्स शहरातली माणसं खतं घेऊन त्याच्याकडेच यायची. शिक्का मारण्याआधी तो प्रत्येक ओळ बोट ठेवून पुन्हा वाचायचा, लोक कंटाळायचे. मग साखरेच्या आजाराने डोळे खाल्ले, मधोमध. वर उजवीकडे नजरेचा एक तुकडा तेवढा शाबूत राहिला. रीम संगणकाच्या कामात आहे. तिने बापासाठी स्क्रिप्ट लिहिली: अक्षरं मोठी, मूळ खत आणि भाषांतर एकाआड एक ओळीने, आणि कर्सर कायम त्या तुकड्यासमोर. ओळ बदलायची तर कर्सर हलत नाही, पान त्याच्याखालून सरकतं. आधी कर्सर पडद्याच्या दहाव्या ओळीवर ठेवला होता. मग सातव्या. रमजानपासून तिसऱ्या.

"तुझी स्क्रिप्ट बिघडलीय," मोंजी म्हणाला. "तिसरी ओळ तिसऱ्या जागी राहतच नाही. खाली पळते."

"तिथे पट्टी लावते, मग बघू," रीम म्हणाली. तिने पिवळी चिकटपट्टी आणली आणि तिसऱ्या ओळीच्या कडेला काचेवर लावली. चांगली बोटभर रुंद. मग बटण दाबलं. पान सरकलं, कर्सर पट्टीजवळच थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा तिथेच. वसीला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. आम्ही तिघीही बघत होतो.

"हं, लाव ना," मोंजी म्हणाला. "पट्टी लावते म्हणून किती वेळ घोळ घालतेस? तुझ्या आईवर गेलीस."

वसीला एरवी असं ऐकून घेणारी नाही. तिने माझा दंड घट्ट धरला. तिच्या बोटांना माशांचा वास होता.

"लावलीय, बाबा," रीम म्हणाली.

त्याने काचेवर हात फिरवला. बोटाला पट्टीची कड लागली. तिथे बोट ठेवून तो पट्टी डोळ्यांनी शोधू लागला. एकदा मान डावीकडे वळवली, एकदा खाली घातली. मग त्याने खण उघडला, शिक्का चाचपून काढला आणि टेबलावर ठेवला.

"त्या बाईच्या खताचं भाषांतर उद्या दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. शिक्का सोमवारी कोर्टात परत द्यायचा. दारावरची पाटी आज काढा."