टेलच्या शेतकऱ्याची खात्री

वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयात काम करताना मी एक फरक कटाक्षाने पाळला. पाणी सुटणे वेगळे आणि पाणी पोचणे वेगळे. सिद्धेश्वर धरणातून कालव्यात पाणी सोडले की पाटबंधारे खात्याची सूचना येते. ती खरी असते. पण ते पाणी कालव्याच्या शेवटाला, म्हणजे आमच्याकडे ज्याला टेल म्हणतात तिथे, कधी पोचेल हे तीत नसते. वाटेत पाणी उपसायला मोटारी लागतात, चारी म्हणजे रानाकडे पाणी नेणारा छोटा पाट फुटतो, गवतात पाणी अडते. म्हणून 'पोचले' हा शब्द छापण्याआधी मी टेलच्या एका शेतकऱ्याला फोन करायचो. तो बांधावर जाऊन चारी बघायचा आणि मग सांगायचा. त्याच्या रानापलीकडे त्याच चारीवर एक वस्ती आहे. तिला पाणी त्याच्यानंतर मिळते. तीही पेरणीचे त्याच्याच शब्दावर ठरवायची.

नोकरी संपली तरी हा क्रम चालू राहिला. बातमीऐवजी मी लोकांच्या मोबाइलवर एक ओळ पाठवू लागलो.

माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, हिंगोलीत सॉफ्टवेअरची लहानसहान कामे करतो. त्याने सुचवले की या माहितीचे प्लगइन करू. प्लगइन म्हणजे एआय सहायकाला जोडता येणारा छोटा प्रोग्राम. अशी प्लगइन एका ऑनलाइन रजिस्ट्रीत नोंदवलेली असतात, आणि एआय एजंटांना, म्हणजे स्वतःहून कामे करणाऱ्या अशा सहायकांना, ती रजिस्ट्री स्वतःच धुंडाळता यावी म्हणून एक टूल आले होते. शेतकऱ्याने फोनला विचारायचे, टेलला पाणी आले का. एजंट रजिस्ट्रीत शोधणार, वर्णने वाचणार, एक प्लगइन निवडणार आणि त्यातले उत्तर देणार. मध्ये माणूस नाही.

प्रोग्राम मेव्हण्याने लिहिला. वर्णन मी लिहिले: 'पाणी पोचल्याची नोंद टेलच्या शेतकऱ्याने प्रत्यक्ष पाहून सांगितल्यावरच केली जाते.' लिहिले तेव्हा ते वाक्य खरे होते. सुरुवातीला मीच फोन करून नोंद भरत होतो. नंतर मेव्हणा म्हणाला की शेतकऱ्याचा नंबर त्याच्याकडे आहे, आता नोंदीचे तो बघेल. मी त्याच्यावर सोडले.

उन्हाळी पाळीत, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या ठरलेल्या दिवसांत, एका सकाळी त्या शेतकऱ्याचा फोन आला. एरवी फोन करणारा मी असायचो. त्याचा आवाज चढलेला नव्हता.

"सायेब, टेलचा शेतकरी म्हंजे मीच नं?"

मी हो म्हणालो.

"मग पाणी आलं म्हून मी कवा सांगितलं? चारीत उभा हाव. चप्पल बी ओली न्हाई."

वस्तीवरच्या लोकांनी फोनला विचारले होते. पाणी टेलला पोचले आहे, टेलच्या शेतकऱ्याने खात्री केली आहे, असे उत्तर मिळाले होते. त्यांनी मजूर लावून कोरड्या रानात भुईमूग पेरून घेतला. पाणी आले नाही. बी पाखरांनी आणि मुंग्यांनी नेले. टेलचा शेतकरी कोण, हे वस्तीला ठाऊक होते. त्यांच्यातला एक जण दरवर्षी आपली मेंढरं याच्या रानात खतासाठी बसवतो. तो दारात येऊन याच्या बायकोदेखत म्हणाला होता, "पाणी तुझ्या रानात जिरवलं अन् आमाला काहून झुलवून राहिला?"

मी दुपारी मेव्हण्याच्या घरी गेलो. त्याने काही नाकारले नाही. शेतकरी कधी फोन उचलत नाही, एजंटाला उत्तर लगेच लागते, म्हणून पाणी सोडल्याची सूचना आली की प्रोग्राम आपोआप 'पोचले' अशी नोंद करतो, असे त्याने समजावून सांगितले. मग माझे वाक्य का ठेवले, असे मी विचारले.

"दाजी, त्या वाक्यावरच तर निवड होऊन राहिली. ते काढलं की आपण यादीत पार खाली. असं वाक्य दुसऱ्या कोणाकडं न्हाई."

हे तो कौतुकाने बोलत होता. शेवटी वाक्य काढण्याचे त्याने कबूल केले. घरी मी बायकोला सगळे सांगितले. तिने भावाची बाजू घेतली नाही, माझीही घेतली नाही.

त्या आठवड्यात मी माझ्या फोनवरच्या सहायकाला रजिस्ट्रीत शोधायला लावले. पहिले नाव आमच्याच प्लगइनचे आले. वाक्य जागेवर होते. त्याखाली एक नवे होते: 'सर्व माहितीवर अनुभवी पत्रकाराची देखरेख असते.' मला याबद्दल कोणी विचारले नव्हते. मी रजिस्ट्रीला तक्रार पाठवली. वर्णनात बदल नोंद करणारा मालकच करू शकतो, असे ठरावीक उत्तर आले. मालक म्हणून एकट्या मेव्हण्याचे नाव होते.

मग मी वस्तीवर गेलो. शेतकऱ्यालाही बोलावून घेतले आणि देवळापुढे सर्वांसमक्ष सांगितले की ही नोंद या माणसाने दिलेली नाही, त्याला कोणी विचारलेलेच नाही. मेंढरंवाला ऐकत होता.

"म्हंजे यानं सांगितलं न्हाई, तुमी सांगितलं न्हाई," तो म्हणाला. "मग आमाला सांगितलं कोणी?"

मी प्रोग्रामचे समजावले. काही जणांनी माना हलवल्या. मेंढरंवाला शेतकऱ्याकडे न बघता उठून गेला.

शेतकरी मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. वाटेत तो घरचे, उन्हाचे बोलला. मी गाडीवर बसल्यावर म्हणाला, "तुमी आले, बरं केलं. पण आता पाळीला मला फोन करू नका. पाणी आलं तरी मी सांगत नसतो."

पुढच्या पाळीला मी फोन केला नाही. पाणी टेलला पोचल्याचे प्लगइनने सांगितले. ते पोचले होते की नाही, हे मला माहीत नाही.