मार्लिनचे कान आणि भिंतीपलीकडचा फ्रीझर

माउंट हॉली स्प्रिंग्ज या अमेरिकी गावात मार्लिन शुगार्टला कुणी निवृत्त म्हटलं की तो हसायचा. जन्मभर त्याने शेजारच्या कार्लाइलमध्ये क्वार्ट्झच्या चकत्या घासल्या. एक कारखाना बंद पडला की दुसऱ्यात, दुसरा पडला की तिसऱ्यात. शेवटचाही बंद झाला, तेव्हा घासायचं सामान घेऊन तो स्वतःच्याच तळघरात उतरला.

तिथे तो गाणी वाजवणाऱ्या यंत्रांसाठी क्लॉक बनवायचा. मुठीत मावेल एवढी डबी, आत क्वार्ट्झचा स्फटिक. डिजिटल गाणं म्हणजे नुसते आकडे. कुठला आकडा नेमका कधी बाहेर सोडायचा, हे ही डबी ठोके देऊन सांगते. मार्लिन शाळेच्या बँडचा दाखला द्यायचा. "मैदानात ढोलवाल्याच्या हाताला कापरं भरलं, तर सूर सगळे बरोबर असतात, पण बँड चिखलातून चालल्यासारखा वाजतो. तसंच हे." ठोक्याच्या या बारीक थरथरीला पुस्तकात फेज नॉइज म्हणतात. मार्लिन तिला कापरं म्हणायचा, आणि त्या कापऱ्याशी त्याचं जन्माचं वैर होतं.

डबी आधी यंत्रावर मोजायची, मग ऐकायची, आणि कानाने होकार दिल्यावरच झाकण सांधायचं, ही त्याची रीत. पण या वसंतात कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की वरचे सूर गेलेत आणि ते परत येणार नाहीत. ही गोष्ट त्याने फक्त बायकोला, व्हर्नाला सांगितली.

"पुढच्या डबीतला फरक कानाला कळला तर ठीक," तो म्हणाला. "नाही कळला तर दुकान बंद. ज्याला ऐकूच येत नाही, त्याने लोकांना काय द्यायचं?"

"आणि दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात लुडबुडायचं? नको रे बाबा," व्हर्ना म्हणाली. तिने थट्टेवारी नेलं खरं, पण तळघर सुटलं तर हा माणूस खचेल हे ती ओळखून होती.

नेमकी पुढचीच डबी छळवादी निघाली. मोजायच्या यंत्राच्या पडद्यावरची कापऱ्याची रेघ छान खाली उतरायची आणि मधेच एक सुळका उभा राहायचा. कधी असायचा, कधी नसायचा. मार्लिनने तारा बदलल्या, बॅटरी लावून पाहिली, सुळका काही हटेना. मग एका गुरुवारी व्हर्ना भिंतीपलीकडच्या खोलीत फ्रीझरमधून मांस काढत होती. झाकण आपटलं, मोटर घुमायला लागली, आणि इकडे सुळका टुणकन वर आला.

"व्हर्ना! तुझं हरीण!" मार्लिन ओरडला.

"त्याने काय केलं आता? नोव्हेंबरातच मेलंय ते."

हरीण तिनेच टिपलेलं होतं. मार्लिनला बंदूक हातात धरवत नसे. फ्रीझर भिंतीला टेकलेला आणि याचं टेबल त्याच भिंतीत ठोकलेलं. मोटरची थरथर भिंतीतून टेबलात, टेबलातून स्फटिकात. स्फटिकाला हादरा बसला की ठोका हलतो, हे मार्लिन कारखान्यात नव्या लोकांना शिकवत आलेला!

व्हर्ना वर गेल्यावर त्याने गुपचूप फ्रीझरचा प्लग काढला. सुळका गायब. झाकण उघडलं नाही तर मांस दोन दिवस टिकतं, अशी मनाची समजूत घालून त्याने प्लग तसाच ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी डबी प्लेअरमध्ये बसवून त्याने पारखायचं नेहमीचं गाणं ऐकलं आणि धापा टाकत जिना चढून आला. "ऐकू येतंय, व्हर्ना! झांज विरते ना, ती पार शेवटपर्यंत ऐकू येतेय मला!"

व्हर्ना काही बोलणार होती. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.

शनिवारी डबी ऐकायला नेहमीचे दोघे मित्र आले. अर्ल झीगलरने जन्मभर ट्रक चालवलेला, आणि गॅलेनने शाळेत बँड शिकवलेला. "फ्रीझर बंद ठेवलाय, वर बोलू नका," मार्लिन कुजबुजला आणि त्याने तेच गाणं लावलं. पियानो, झांज आणि गाणारी एक बाई.

अर्लने डोळे मिटले. "अरे बापरे. सुरांच्या मागे कसला काळोख आहे बघ, खरखरीचा ठिपका नाही!"

"मला पियानोचं लाकूड ऐकू येतंय," गॅलेन म्हणाला.

"तुला बायकोची हाक ऐकू येत नाही!" अर्ल म्हणाला.

"ती लाकडाची नाही ना."

मार्लिन खुशीत उठला. आता प्लग लावून टाकावा म्हणून पलीकडच्या खोलीत गेला, तर फ्रीझर घुमत होता. त्याने झाकणावर हात ठेवला. हाताला थरथर लागत होती. मागे जिन्यावर व्हर्ना उभी, हातात बीटाच्या रसात मुरवलेल्या अंड्यांची बशी.

"कधी लावलास?"

"काल सकाळी. सॉसेजला मांस काढायला गेले, तर प्लग निघालेला."

"म्हणजे काल संध्याकाळी मी ऐकलं तेव्हा..."

"चालूच होता. सांगणार होते रे. तुझं तोंड बघून जीभ उचलेना."

भिंतीपलीकडे अर्ल अजून काळोखाचं कौतुक करत होता. मार्लिन गप्प राहिला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. तो आत गेला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "फ्रीझर चालू आहे. कालपासून."

"मग मी ऐकला तो काळोख?" अर्लने विचारलं.

"फ्रीझरसकट."

गॅलेन पोट धरून हसायला लागला. मार्लिन हसला नाही. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते त्याने सगळं सांगून टाकलं. "तेव्हा संपलं माझं," तो म्हणाला.

"एवढंच?" अर्ल म्हणाला. "माझे कान इंजिनाने खाल्ले, याचे ट्रम्पेटवाल्या पोरांनी. इथे धड कानाचा आहे कोण?"

व्हर्नाने बशी ठेवली. "तो सुळका खरा की तोही तुमच्या डोक्यातला?"

"खरा आहे. मोजता येतो."

"मग काढ की त्याला! माझे डोळे अधू झाले तर मी बंदुकीवर दुर्बीण बसवली. बंदूक नाही विकली."

मार्लिनने बशीतलं एक अंडं उचलून खाल्लं. मग त्याने प्लेअर उघडला, डबी काढून यंत्राला जोडली. सुळका हजर. "तुझ्याकडे परकराचं इलॅस्टिक आहे का?" त्याने विचारलं. व्हर्नाने आणून दिलं. त्याने डबी एका पत्र्याच्या चौकटीत चार बाजूंनी इलॅस्टिकवर टांगली, पाळण्यात ठेवावी तशी. पलीकडे मोटर घुमत होती, आणि पडद्यावरचा सुळका हळूहळू रेघेत बुडाला. अर्लने संघ जिंकल्यासारखी आरोळी ठोकली.

"झाकण सांधणार?" व्हर्नाने विचारलं.

"सांधतो. पण घेणाऱ्याला स्पष्ट सांगेन, कापरं कमी झालंय हे मोजलेलं आहे. कानाला कळेलच असं नाही. मला नाही कळलं."

"असं सांगून कोण घेईल?"

"मी घेतो," अर्ल म्हणाला. "मला तर सुळका न काढताही फरक कळला होता."

यावर मार्लिनही हसला. त्याने गाणं परत लावलं. या वेळी काळोखाचं, लाकडाचं, झांजेचं कुणी नावही काढलं नाही. गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा गॅलेन हळूच म्हणाला, "काय रे, ही बाई एवढी रडवेली कशाबद्दल गातेय?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतकी वर्षं हेच गाणं लावून डब्या पारखत आले होते, आणि एकालाही सांगता येईना. मार्लिनने गाणं पहिल्यापासून लावलं आणि व्हर्नाला बसायला खुर्ची ओढली.