वन्संची पक्की शिवण

वन्संनी घातलेला टाका उसवत नाही. दुसऱ्या कुणाला याचं कौतुक वाटेल, माझी मात्र त्यानंच झोप उडवली आहे. माझी मुलगी रोज त्या टाक्यांना पाठ टेकून डोंगर चढते आणि उतरते.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. गाड्यांना चिलखत चढवणाऱ्यांची जी गल्ली आहे, तिच्या टोकाला त्यांचं सीट कव्हरचं दुकान. आधी फ्रंट गार्ड बसवणारा लागतो, मग इंजिनाखाली लोखंडी प्लेट ठोकणारा, मग काचेच्या कडेनं वर नळकांडं चढवणारा, म्हणजे ओढ्यात गाडी घातली तरी इंजिन पाणी पीत नाही. खाणीत, जंगलात, नदीपात्रात जाणाऱ्या पिकअप इथून अशा नटून निघतात आणि शेवटी वन्संच्या दारात येऊन उभ्या राहतात. गल्लीत त्यांना दाभणबाई म्हणतात. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कुणाचीच नाही.

सासर सोडून आल्या तेव्हा त्या ट्रकच्या ताडपत्र्या शिवायच्या. त्याच मशीनवर पुढं जाड कॅनव्हासची कव्हरं सुरू केली. दुकान म्हणजे एक लांबट खोली. मेण आणि रबराचा वास, कापायचं मोठं टेबल, कोपऱ्यात कॅनव्हासचे गठ्ठे आणि सगळीकडे उडालेला फोमचा भुगा. अंगठ्याला चामड्याची टोपी घालून वन्सं मशीनवर बसतात आणि गिऱ्हाइकाकडे मान वर न करता बोलतात. एकदा माझ्यासमोरच एक तरुण आला. गाडीच्या टपावर दिव्यांची माळ, चाकं आरशासारखी लखलखीत.

"हिला चिखल लागलाय का कधी?" वन्संनी विचारलं.

"नाही अजून. पण लुक जरा रफ पाहिजे."

"मग कव्हर गाडीला कशाला? तुझ्या तोंडाला शिवून देते. रफ दिसेल."

पोरगा हसला, तासभर ताटकळला आणि कव्हर शिवून घेऊनच गेला. सगळे असेच. शिव्या खातात आणि परत येतात, कारण दाभणबाईंची शिवण पक्की.

त्या पक्केपणाचा पुरावा भिंतीवर खिळ्याला टांगलेला असायचा. कुठल्याशा घाटात एक पिकअप एका अंगावर कोसळली होती. दार आत चेपलं, नळकांडं मोडलं, गार्ड वाकला. सीटवरचं कव्हर तेवढं जसंच्या तसं. वन्संनी ते मागून आणलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. मलाही दाखवलं.

"एक टाका सुटलाय का बघा, वहिनी."

"आणि ड्रायव्हरचं काय झालं?"

"बरगड्या मोडल्या. तुम्ही शिवण बघा ना."

आमचं पहिल्यापासूनच पटलं नाही. लग्नानंतर त्या पाहुण्यांसमोर म्हणाल्या होत्या, "वहिनी कॉलेजात शिकल्यात. आता त्यांना बटण लावायला कोण शिकवणार?" मीही ऐकून घेतलं नाही. म्हटलं, "माझी बटणं तुटत नाहीत, वन्सं. मी माणसांना इतकं आवळत नाही." त्या नुकत्याच सासरहून परतल्या होत्या हे मला ठाऊक होतं. म्हणूनच तसं म्हटलं होतं. तेव्हापासून आम्ही एकमेकींना अहो-जाहो करत ओरबाडत आलो आहोत.

माझी मुलगी मात्र आत्याची. मी नोकरीवर असायची तेव्हा ही त्या कापायच्या टेबलाखाली कापडाच्या चिंध्यांत झोपायची. आता खाणींची मोजणी करते आणि आठवडाभर डोंगरात असते. स्वतःची पिकअप घेतली तेव्हा वन्संनी एक पै न घेता कव्हरं शिवली. रंगही तिच्या आवडीचा, राखाडी.

मागच्या शनिवारी गार्ड बसवायला मी तिच्याबरोबर गेले. गार्डवाला दारातून आत वाकला, ड्रायव्हरच्या सीटच्या दाराकडच्या बाजूवर हात फिरवला आणि थांबला.

"दाभणबाईंचं काम?"

"हो. चांगलं आहे ना?" मुलगी म्हणाली.

"चांगलं आहे हाच तर घोळ आहे, ताई. इथं सीटच्या पोटात एअरबॅग असते. गाडी कडेनं आदळली की ती इथून बाहेर यायला पाहिजे. बाईंनी तर दुहेरी दोऱ्यानं तिचं दारच शिवून टाकलंय. तयार कव्हरं मिळतात ना, त्यांची ही बाजू उघडी असते."

मुलगी हसायला लागली. "काका, आत्याला सांगू नका हं. तुम्हालाच शिवून टाकेल."

मी तडक वन्संचं दुकान गाठलं. बोलायला सुरुवात करते तोच त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"उघड्या बाजूचं कव्हर? काखेत फाटलेला सदरा बरा! दोन खड्ड्यांत गोळा होऊन बुडाखाली येतं ते. वहिनी, आजवर माझ्या कामात खोट काढायला तुम्हाला काही सापडलं नव्हतं. आज गार्डवाल्याकडून उसनी आणलीत होय?"

गार्डवाला माझ्या मागोमाग आला होता. त्यानं भिंतीकडे बोट केलं. "बाई, ती घाटातली गाडी. त्या मॉडेलला होती का हो सीटमध्ये एअरबॅग? असली तर ती कुठून बाहेर आली?"

वन्संचं मशीन थांबलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही. अंगठ्यावरची चामड्याची टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाल्या, "दुकान बंद करायचंय. निघा दोघं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरातली कात्री घेऊन खाली गेले आणि गाडीत शिरले. म्हटलं, आपणच कापावं. टाका तुटला नाही, कात्रीचं पातं वाकलं. मागं मुलगी उभी.

"आई! काय चाललंय?"

"ही बाजू उघडी करतेय. तुझ्या जिवासाठी."

"माझ्या जिवासाठी? आत्याच्या हातचं आहे म्हणून! तिनं दिलेल्या कुठल्या वस्तूला आजवर तू नावं ठेवली नाहीस, सांग बरं. पुन्हा हिला हात लावलास तर मी घरी यायची नाही."

"गार्डवाल्यानं तुझ्यासमोर सांगितलं."

"तो एक सांगतो आणि तुला तेवढंच पुरतं."

ती वाकडं तोंड करून गेली. तिची चूकही म्हणता येत नाही. इतकी वर्षं मी वन्संच्या प्रत्येक गोष्टीत खुसपट काढलं. आज खरोखरच काही सापडलं तर ते कोण खरं मानणार?

काल गल्लीतून जाताना दुकानात डोकावले. भिंतीवर नुसता खिळा होता.

"ते कव्हर कुठं गेलं, वन्सं?"

"धुवायला काढलंय."

ते कव्हर त्यांनी कधी धुतलं नव्हतं. त्याच्यावरच्या घाटातल्या मातीसकट त्या ते मिरवायच्या. म्हणजे बाईंना कळलं आहे. कळलं आहे आणि माझ्यासमोर त्या ते मरेपर्यंत कबूल करणार नाहीत. मी हात जोडले तर आणखी ताठ होतील. भाचीला फोन करून 'माझं चुकलं' म्हणणं तर त्यांच्या जिभेवर येतच नाही. पण भाची ऐकेल ती फक्त त्यांचंच.

मुलगी शनिवारी खाणीवरून येते आणि सोमवारी पहाटे पुन्हा निघते. मध्ये एक रविवार.

मी बराच विचार केला. विनंती नको, समजावणं नको, रडणं तर नकोच. वन्संना आयुष्यात कुणी विनंती करून हलवलेलं नाही. त्या हलल्या आहेत त्या फक्त चिडून. सासर सोडलं चिडून, मशीन घेतलं चिडून, त्या पोराचं कव्हरसुद्धा चिडूनच शिवलं.

सकाळी त्यांचं शटर वर गेलं की मी फोन करणार आहे. त्या 'काय आहे?' म्हणतील. मी म्हणणार, "काही नाही, वन्सं. गार्डवाला म्हणतो, बाजू पूर्ण उघडी ठेवायची आणि तरी खाणीच्या रस्त्यावर कव्हर तसूभर सरकू द्यायचं नाही, असं शिवणं तुमच्या हातात नाही. मीही त्याला म्हटलं, खरंय, वन्संना नाही जमायचं. रविवारी दुसऱ्याकडे टाकतेय गाडी."

मग त्या जे बोलतील ते मी सगळं ऐकून घेणार आहे. फोन मात्र त्यांनी आपटेपर्यंत ठेवणार नाही.