विणायची सुई आणि बॅजची कार्डं

मिरजेच्या त्या इस्पितळात आमचा विभाग तळमजल्यावर, जिन्याखाली होता. थायरॉइडच्या रुग्णाला किरणोत्सारी आयोडीनचा घोट पाजायचा आणि दुसऱ्या दिवशी गळ्यापाशी यंत्र धरून मोजणी करायची, हे आमचं मुख्य काम. माणसं चारच: डॉक्टर, पलूसकडचा एक तरुण तंत्रज्ञ, झाडलोट बघणाऱ्या मावशी आणि नोंदी ठेवणारी मी. प्रत्येकाच्या छातीवर फिल्मचा बॅज. अंगावर किती किरणं पडली ते त्या फिल्मवरून कळे. महिनाअखेरीला फिल्मा मुंबईला जात आणि सवडीने आकड्यांचं पत्रक येई.

एक्स-रेवाल्यांच्या नोंदीही माझ्याच गळ्यात. कुणाचा आकडा चढला हे बघायला सगळी पानं उलटावी लागत, आणि पानं उलटत बसणं मला मुळीच आवडत नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर डॉक्टर परदेशी प्रशिक्षण घेऊन आले ते एक नमुना घेऊनच. कडेने भोकं असलेलं पुठ्ठ्याचं कार्ड, एका माणसाच्या एका महिन्याला एक. एकेक भोक एकेका गोष्टीचं: अमुक महिना, तमुक विभाग, आकडा जास्त, म्हणजे मर्यादेत असला तरी नेहमीपेक्षा वर. लागू असेल त्या भोकाची कड कापून खाच करायची. मग गठ्ठ्यात सुई घालून हलवलं की खाचवाली कार्डं आपोआप खाली पडतात, बाकीची सुईवर लटकत राहतात.

"हा आपला संगणक," डॉक्टर म्हणाले. "वीज लागत नाही."

मला त्या रात्री झोप लागली नाही. कार्डं छापखान्यातून आणली, पण भोकं एका रेषेत कोण पाडणार? मी गठ्ठा उचलला आणि थेट तंबोरे करणाऱ्या कारागिराकडे गेले. त्यानं दोन फळ्यांत गठ्ठा आवळला, गिरमिट चालवलं आणि कुरकुरला, "बाई, खुंट्यांची भोकं पाडणारा माणूस मी. ह्यातून सूर कुठला निघणार?" सुई माझीच होती, अर्ध्या विणलेल्या स्वेटरातून उपसलेली.

आठवडाभर मी खाचा पाडत होते. घरी भाकरी थापतानाही बोटं कात्रीसारखी चालायची. तेवढ्यात मुंबईहून तातडीचं पत्र आलं: आमच्या तंत्रज्ञाचा ऑक्टोबरचा आकडा मर्यादेबाहेर, चौकशी होईपर्यंत त्याला किरणांच्या कामापासून लांब ठेवा. त्याची रवानगी कपड्यांच्या कोठीत झाली. त्याहून वाईट म्हणजे माघातलं त्याचं लग्न ठरलं होतं, आणि बातमी साताऱ्याकडच्या सासुरवाडीला पोचली. तो चादरी मोजत बसायचा आणि मोजता मोजता आकडा विसरायचा.

सोमवारी मुलीचे मामा हजर. पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार, मिशीला पीळ. ते खुर्चीत बसले, तंत्रज्ञ दाराशी उभा.

"पोराला किरणं लागलीत म्हनं," मामा म्हणाले. "आमी जावई ठरवलाय, कंदील न्हाई."

"मामा, आवं मी काय चमकत न्हाई," तंत्रज्ञ कळवळला.

"तू गप रं."

डॉक्टर घाईघाईने इंग्रजीत मर्यादा, मात्रा, सरासरी समजावू लागले. मामांनी हात वर केला. "सायेब, विंग्रजी पलटणीत लय ऐकलं. पोरगा धड हाय का न्हाई, तेवढं बोला. न्हाईतर तिथी मोडतो."

डॉक्टर चष्मा पुसू लागले. खरं तर त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. पूर्ण पत्रक शनिवारीच आलं होतं आणि त्याच्या खाचा मी पाडल्या होत्या, पण पत्रकावर नावं नसत, बॅजचे क्रमांक असत, आणि खाचा पाडताना मी क्रमांकापलीकडे बघत नसे. मी ऑक्टोबरचा गठ्ठा काढला, 'आकडा जास्त'च्या भोकात सुई घातली, उचलला, हलवला. एक कार्ड पडेल अशी माझी खात्री होती.

चार पडली. एक्स-रेवाल्यांचं एकही नाही.

मी कार्डांवरची नावं वाचली. तंत्रज्ञ. डॉक्टर. मावशी. आणि मी!

"मला कशी लागतील?" मी ओरडलेच. "मी नवरात्रभर औंधला होते, यमाईला. नंतर तापाने अंथरुणात. त्या महिन्यात बॅज छातीला लावलाच नाही मी!"

"मंग बिल्ला कुटं व्हता?" मामांनी विचारलं.

"इथेच, खुंटीला."

"खुंटीला न्हाई वो बाई," दारातून मावशी बोलल्या. "तबकात व्हता. खंडेनवमीला सायेबच म्हनले, कामाची समदी हत्यारं पुजा. मी कात्र्या मांडल्या, चिमटे मांडले, चौघांचं बिल्ले मांडलं. आन मधी ती यंत्र तपासायची गोळी ठिवली. तीबी हत्यारच की!"

ती गोळी म्हणजे यंत्राचा अचूकपणा तपासायचा छोटा किरणोत्सारी स्रोत. एरवी शिशाच्या डबीत असायचा. पूजा मांडली की दसऱ्यापर्यंत हलवायची नाही, म्हणून बॅज त्याला चिकटून पडून राहिले होते.

"ह्याचा बिल्ला कुटं मांडलावता?" मामांनी तंत्रज्ञाकडे बोट केलं.

"गोळीला टेकून. नवरदेव म्हनून मानाची जागा दिली."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि मग असे हसत सुटले की चष्मा गळून पडला. तंत्रज्ञ मावशींच्या पाया पडावं की त्यांच्यावर ओरडावं या घोळात दोन्ही करू लागला. मामांनी माझ्या हातातली सुई घेतली, कार्डं स्वतः पुन्हा लावली, पुन्हा हलवली. चार पडली. परत लावली. परत चार. "लय भारी गड्या," ते पुटपुटले, "पलटणीत हे असतं तर!"

पण तिथी त्यांनी अधांतरीच ठेवली. निघताना म्हणाले, "मुंबईचा कागद आणा, मंग बघू."

डॉक्टरांनी त्याच दिवशी सगळी हकिकत लिहून पाठवली, तबकातल्या मांडणीच्या आकृतीसह. उत्तराची वाट बघताना आमचा तंत्रज्ञ टपालवाल्याला रोज चहा पाजायचा. लग्नाच्या आदल्या आठवड्यात उत्तर आलं: आकडा बॅजचा, माणसाचा नव्हे, नोंद दुरुस्त केली आहे, कामावर घ्यावं.

कागद मामांच्या हाती पोचला आणि तिथी टिकली. आम्ही तिघं मांडवात गेलो. अंतरपाट धरला, अक्षता वाटून झाल्या, भटजींनी घसा खाकरला, आणि मामा मधोमध उभे राहून ते इंग्रजी पत्र पहिल्या ओळीपासून खणखणीत वाचू लागले, जावक क्रमांकासकट.

"आवं मामासाहेब, मुहूर्त चाललाय!" भटजी म्हणाले.

"जाऊ द्या. पोरगा सर्टिफाइड हाय, हे समद्यांस्नी कळू द्या!"

अंतरपाटाच्या पलीकडे नवरी एवढी हसली की तिच्या मुंडावळ्या हलताना मला इकडून दिसल्या.