दुसरं बटन

“एकदम न्हाय. दमानं.” एवढं म्हणून ते पहिलं बटन दाबायचे आणि हाताचा पंजा वर करून उभे राहायचे. भोवतीच्यांनीही तेवढा वेळ गप्प राहायचं, हा त्यांचा नियम.

येरमाळ्याजवळच्या आमच्या गावात दूध संस्थेत ते दूध मोजून घ्यायचे. मी तिथं कारकून. रिकाम्या वेळात त्यांनी सभेसाठी अ‍ॅम्प्लिफायर बनवायला घेतला. त्याचा ट्रान्सफॉर्मरसुद्धा हातानं गुंडाळला. तारेचे वेढे मोजताना कुणी बाईनं “किती लिटर भरलं?” विचारलं, की उत्तर यायचं, “तीनशे बावीस!” बाई कासंडी धरून हसत सुटायची, आणि हे डोक्याला हात लावून, वेढे सोडून पुन्हा एकपासून.

ट्रान्सफॉर्मर झाला भला मोठा. चालू करताच क्षणभर एवढी वीज ओढायचा, की संस्थेचा फ्यूज उडालाच. मग त्यांनी युक्ती काढली. पहिल्या बटनानं वीज शंभर वॅटच्या बल्बमधून जायची. बल्ब भक्कन पेटायचा, मग मंद व्हायचा. तेव्हा ते दुसरं बटन दाबायचे, की वीज बल्बला वगळून थेट आत जायची आणि भोंगा बोलू लागायचा. “छावणीतला तहानलेला बैल हौदावर आणला, तर एकदम पिऊ देता व्हय?” ते विचारायचे. दुष्काळाचं वर्ष होतं. आणखी समजावून सांगायची गरजच नव्हती.

एवढा खटाटोप कशासाठी, असं तुम्हीही विचाराल. बायकोसाठी! गाई विकल्या गेल्या, दूध आटलं, म्हणून संस्था बंद करायचा ठराव येणार होता. वहिनींना त्याविरुद्ध बोलायचं होतं, पण आवाज एवढासा. “गलक्यात तिचं कोण ऐकतंय? भोंगा पायजेच,” ते म्हणायचे.

सभेच्या दिवशी चेअरमन अधीर. त्यांनी पुढं होऊन दोन्ही बटनं एकदमच दाबली. फ्यूज गेला.

“जाड तार घाला की हो!” चेअरमन ओरडले.

“न्हाय साहेब. फ्यूज वाचंल, मशीन जळंल.”

त्यांनी बारीक तारच घातली, पहिलं बटन दाबलं, पंजा वर केला. सगळी सभा बल्बकडं बघत चिडीचूप. बल्ब मंदावला, आणि वहिनींना वाटलं, झालं चालू.

“दुष्काळ काय कायमचा हाय का?” त्या बोलू लागल्या. “आज संस्था मोडली, तर पाऊस पडल्यावर दूध कुठं घालायचं?”

भोंगा मुकाच होता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द पोचला. ठराव बारगळला. मी तर कारकुनी विसरून बाकावर चढलो आणि टाळ्या पिटल्या. इतका आनंद मला माझ्या नोकरीच्या हुकमाचाही झाला नव्हता.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला ते अजून तसेच दिसतात, बोट दुसऱ्या बटनावर टेकलेलं आणि तोंडभर हसू. सभा संपल्यावर मी विचारलं होतं, “अहो, मग दाबलं का नाही?”

“खट्ट झालं असतं,” ते म्हणाले. “बिचकून थांबली असती ती.”